पुराचा धसका आणि विश्रामबागेतलं मानसोपचार केंद्र

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही सांगलीच्या गावभागात माडीवर अडकलो होतो. सासूबाईंना खिडकीतून बोटीत उतरवलं. पूर ओसरला, घर धुऊन झालं, पण पुढच्या पावसाळ्यांतही कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की माझे हात गार पडायचे, रात्र जागून जायची. शेवटी विश्रामबागेतल्या एका मानसोपचार केंद्रात नाव नोंदवलं.

पहिल्या भेटीत तिथल्या ताईंनी पुराची हकीकत विचारलीच नाही. मला त्यांचं हेच सगळ्यात पटलं. "काकू, सांगावंसं वाटेल तेव्हाच सांगा," म्हणाल्या. आधी झोप, जेवण, चालू गोळ्या विचारल्या. मग छाती धडधडली की काय करायचं ते शिकवलं: तळपाय जमिनीला टेकवायचे, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची, श्वास सावकाश सोडायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी त्या आठवणीला हात लावला नाही. धोका ओळखणारा मेंदूचा भाग साध्या सरीलाही पूर समजतो, म्हणून ते सगळं आत्ताच घडतंय असं वाटतं, हे त्यांनी समजावलं. मी भित्री नाही, हे मला तेव्हा कळलं. घरात कुणी असं सांगितलं नव्हतं.

नंतर ईएमडीआर, म्हणजे नजर डावी-उजवीकडे हलवत त्रासदायक आठवणीची धार कमी करायची उपचारपद्धत. फ्रान्सिन शपिरो यांनी 1987 मध्ये ही पद्धत सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये तिची शिफारस केली. मनात बोटीचं दृश्य धरायचं आणि ताईंच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांवर नजर ठेवायची. मध्येच थांबून विचारायच्या, "आता अंगात कुठं जाणवतंय?" काही भेटींनंतर फार थकायला व्हायचं, स्वप्नंही पडायची. त्याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. आता बोट आठवते, पण हात गार पडत नाहीत. जुलैतली एखादी मुसळधार रात्र अजून जड जाते, पण तीही निभते.

तक्रारी दोन. आतलं बोलणं बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू येतं. अशा ठिकाणी हे चालणार नाही, दार बदलायलाच हवं. आणि तासाचे 1,200 रुपये माझ्या विम्यातून मिळत नाहीत, कारण दवाखान्यात दाखल व्हावं लागत नाही. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

नाव नोंदवताना मात्र आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी आहे का, हे आधी विचारून घ्या.