जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचं आयडल बसवून देणारं धुळ्यातलं गॅरेज

गाडी माझी २००५ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १,४३,००० किलोमीटर झालेली. राहतो पारोळ्याला. आमच्याकडे डिझेलचे फिटर पावलोपावली मिळतात पण टर्बो पेट्रोल म्हटलं की बॉनेट उघडून दोन मिनिटं बघतात आणि पुण्याला न्या म्हणतात. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय, खान्देशात अजून कोणाकडे अशी जुनी गाडी असेल तर त्याचे माझ्यासारखे पैसे जाऊ नयेत.

त्रास मागच्या दिवाळीनंतर सुरू झाला. सकाळी थंड स्टार्ट केली की ठीक, दहा-पंधरा मिनिटांनी गरम झाली की उभ्या गाडीत, म्हणजे आयडलला, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा ८०० वरून ५०० वर, परत १००० वर, परत खाली, सगळी बॉडी थरथरायची, आणि स्पीडब्रेकरला क्लच दाबून हळू केली की सरळ बंद. हायवेवर ८०-९० ला मात्र काहीच तक्रार नाही, एकदम मख्खन. एकदा आईला डॉक्टरकडे नेताना फागण्याजवळ गाडी हळू केली आणि इंजिन बंद, मागे ट्रक, आणि इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो हे ज्याच्यावर बेतलंय त्यालाच कळेल. आई दिवसभर काही बोलली नाही, पण परत येताना एसटीने जाऊ म्हणाली.

त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, नावं लिहीत नाही. पहिल्याने स्कॅनर लावला, पी ०३०० कोड आला, म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, तर ठिणगी देणारे चारही कॉईल आणि प्लग बदलले, ११,४०० रुपये. चार दिवस बरी वाटली मग तेच. दुसऱ्याने एअरफ्लो सेन्सर बदलला, ७,८००. काहीच फरक नाही. आता कळतंय की त्याच स्कॅनरमध्ये पी ०१७१ पण होता, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. मिसफायर हा परिणाम होता, कारण दुसरंच.

मग साल्याने या गॅरेजचं सांगितलं. साक्री रोडच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे, बाहेर मोठा बोर्डही नाही. मिस्त्री पन्नाशीचे, बोलणं सगळं अहिराणीत. गाडी आत घेतली, बॉनेटला हातही न लावता पहिला प्रश्न, "गाडी कव्हय बंद पडस भाऊ, थंडी का गरम?" मग एसी लावला की काय होतं, ब्रेक दाबल्यावर काय होतं, तेल किती खाते, पुढच्या काचेकडून तेलाचा वास येतो का. वास वर्षभरापासून येत होता, मी आधीच्या दोघांना सांगितलाही होता, लिहून घेणारा माणूस मला इथेच भेटला.

आता त्यांनी काय केलं ते सांगतो कारण खरी गंमत तिथेच आहे. इंजिन चालू ठेवून त्यांनी तेल टाकायचं झाकण उघडलं. माझ्या या इंजिनला तसं केलं की आयडल लगेच डगमगायला पाहिजे, कारण बाहेरची हवा आत शिरते. माझ्या गाडीला काहीच झालं नाही. म्हणाले, याला आधीच कुठूनतरी हवा मिळतेय म्हणून हिला फरक पडत नाही. मग स्कॅनर लावला, पण कोड वाचायला नाही, चालू आकडे बघायला. फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला १९ टक्के जास्त, आणि २५०० आरपीएमवर धरला की फक्त ३ टक्के. तिथेच त्यांनी मान हलवली.

मला समजावून सांगितलं ते असं, की एअरफ्लो सेन्सर आत जाणारी हवा मोजतो आणि तेवढ्याच हिशोबाने पेट्रोल सुटतं, सेन्सरच्या पुढे पाईप फुटला असेल तर ती चोरून शिरलेली हवा कोणी मोजतच नाही. आयडलला इंजिन मुळात थोडी हवा ओढतं म्हणून तेवढं छोटं लीकेजही भारी पडतं, रेस दिली की एवढी हवा जाते की ते त्यात विरून जातं. थंड असताना कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो म्हणून सकाळी कळत नाही. सेन्सर खराब असता तर आकडा रेस दिल्यावर वाढला असता. माझा जुना सेन्सर डिकीतच पडून होता, तो लावून दाखवला, आकडे जवळपास तेच. ७,८०० रुपये वाया गेले हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

लीकेज कुठे आहे ते शोधायला त्यांनी स्मोक मशीन लावलं. काही ठिकाणी कार्ब क्लीनर फवारून बघतात, ते म्हणाले गरम टर्बोवर मी तसलं करत नाही, आग लागते. इंजिन बंद, थोड्याशा प्रेशरने धूर आत सोडला आणि टॉर्च घेऊन दोघे वाकलो. मिनिटभर काही नाही, मग इंजिनात हवा वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खालून अगरबत्तीच्या धुरासारखी बारीक रेघ वर आली. तिथे क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा कोपऱ्याचा पाईप असतो, वरून अजिबात दिसत नाही. तो बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. तेलाने भिजून इतका मऊ झालेला की जास्त पिकलेल्या केळीच्या सालीसारखा दाबला जात होता, आणि आतल्या वळणाला लांब चीर, माझी करंगळी आत गेली. त्याच लाईनमधला एकेरी व्हॉल्व्हही अडकलेला, दोन्ही बाजूंनी फुंकर जात होती. एकाच बाजूने जायला पाहिजे, नाहीतर टर्बोचं प्रेशर उलटं इंजिनाच्या पोटात जातं आणि तेल बाहेर ढकलतं. वर्षभराचा वास तिथून.

मी म्हटलं रेडिएटरच्या पाईपचा तुकडा लावा तात्पुरता, नाही म्हणाले. साधा सिलिकॉन पाईपही नको, तेलाच्या वाफेत तो टिकत नाही, ओरिजिनल मापाचाच मागवतो. मला हा हट्ट फार आवडला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात बॉनेटखाली टर्बोची उष्णता, जुगाड किती दिवस टिकणार. थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे इंजिनात हवा कमीजास्त सोडणाऱ्या झडपेचं, कार्बन साफ करून स्कॅनरने तिचं सेटिंग परत बसवलं, हे न करता गाडी दिली तर आयडल उलट वरखाली होतं.

एकूण बिल ४,६५०. त्यात पाईप, व्हॉल्व्ह, तपासणी, मजुरी सगळं. त्यातले तपासणीचे ८०० वेगळे धरतात, ते आधीच सांगतात, आणि ते अगदी योग्य आहेत असं माझं मत.

तक्रारी पण लिहितो. पार्ट मुंबईहून यायला सहा दिवस लागले, तेवढे दिवस गाडी त्यांच्याकडेच. फोन उचलत नाहीत, मी रोज संध्याकाळी भाच्याला पाठवून विचारायचो. बसायला एक बाकडं आणि तेही उन्हात, बाईमाणसाला घेऊन जाण्यासारखी जागा नाही. बिल साध्या चिठ्ठीवर. इंजिन कव्हरची एक क्लिप बसवायची राहिली, घरी आल्यावर कळलं, पुढच्या फेरीत विनाशुल्क लावून दिली पण चेक करून द्यायला पाहिजे होतं.

साडेतीन महिने झाले, काटा ८०० ला बसलेला आहे, एसी लावला तरी. ट्रिम परवा परत बघितला, आयडलला २ टक्के. तेलाचा वास गेला. आईला गेल्या आठवड्यात धुळ्याला घेऊन गेलो, फागण्याच्या पुढे तिला झोप लागली.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारनंतर गाडी आत घेत नाहीत. इंजिन गरम असतानाच पोचा म्हणजे त्रास त्यांना दिसेल, आणि आधी कोणी काढलेले जुने पार्ट टाकून दिले नसतील तर सोबत न्या, ते लावून बघतात.