अंतरपाट पांढरा करू नका: हाताने शॉट जुळवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लग्नांचे शॉट डाविंची रिझॉल्व या संकलन आणि रंगकामाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत आठ महिने हाताने जुळवल्यावर, म्हणजे शेजारच्या शॉटचे रंग-उजेड एकसारखे केल्यावर, हे लिहितो आहे. दोन वेगळ्या बनावटीचे कॅमेरे आणि मध्येच फोनवरचं शूट असेल तर आपोआप जुळवणाऱ्या सोयीपेक्षा हाताचं काम सरस. एका फ्रेममध्ये लाल शालू भरलेला आणि दुसऱ्यात हिरवा मांडव असला की ऑटोवाल्या पद्धतीत चेहरे भलतीकडेच ओढले जातात.

रंगाला हात लावण्याआधी क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स पाहा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यासाठी क्लिप आकड्यांचा कोणता पट्टा वापरते ते. फुल रेंजची (सगळे आकडे वापरणारी) क्लिप व्हिडिओ रेंज (दोन्ही टोकांना जागा सोडणारी) समजून वाचली गेली असेल तर काळा बुडतो, पांढरा उडतो, आणि आपण उगाच लिफ्ट (गडद भागाचं चाक) आणि गेन (उजळ भागाचं चाक) फिरवत बसतो. मग त्या प्रसंगातला सगळ्यात चांगला शॉट निवडून त्याचा स्टिल (थांबलेली फ्रेम) गॅलरीत घ्या, इमेज वाइप लावा (स्टिल आणि चालू शॉट एकाच पडद्यावर दिसतात) आणि परेड स्कोप (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) उघडा.

संदर्भासाठी अंतरपाटासारखी दुसरी वस्तू नाही. तेच कापड, त्याच क्षणी, दोन्ही कॅमेऱ्यांत. मात्र दोन्ही कॅमेरे त्याच्या एकाच बाजूला हवेत. पलीकडच्या बाजूवर वेगळा दिवा पडलेला असतो. समजा परेडच्या ० ते १०२३ च्या मापावर स्टिलमध्ये तो लाल ७४०, हिरवा ७००, निळा ६४० दाखवतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात ७१०, ७००, ७००. इथे तिन्ही रेषा ७०० वर आणून कापड शुभ्र करायचा मोह होतो. तसं केलं की शेजारचा शॉट पिवळसरच राहतो आणि कटवर डोळ्याला झटका बसतो. लाल ७४० ला चढवा, निळा ६४० ला उतरवा, बस. शॉट पांढऱ्याशी जुळवायचा नसतो, शेजाऱ्याशी जुळवायचा असतो.

हे करायला लिफ्ट, गॅमा, गेन तिन्ही चाकं फिरवू नका. नोडवर (रंगकामाच्या एका टप्प्यावर) राईट-क्लिक करून त्या मेनूतला गॅमा ‘लिनिअर’ करा, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात राहतात, आणि फक्त गेन वापरा. व्हाईट बॅलन्स काय, एक्स्पोजर काय, दोन्ही मुळात गुणाकार आहेत. लिनिअरमध्ये गेन २.०० म्हणजे बरोबर एक स्टॉप, उजेड दुप्पट. लम मिक्स शून्यावर ठेवा, नाहीतर लाल वाढवताना उजेड सांभाळण्यासाठी हिरवा-निळा आपोआप खाली सरकतो आणि आकडे हाती लागत नाहीत. काळ्यासाठी पुढचा साधा नोड घ्या, त्यात केसांच्या काळ्यावर लिफ्ट लावा आणि पुन्हा गेन तपासा, कारण एक हलवलं की दुसरं हलतं.

सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शेवटी, व्हेक्टरस्कोप (रंगाची छटा आणि भडकपणा दाखवणारा गोल आलेख) दुप्पट मोठा करून. त्यावरची त्वचेची रेषा उपयोगाची आहे, पण हळदीच्या कार्यक्रमात ती विसरा. हळद माखलेला चेहरा त्या रेषेपासून पिवळ्याकडे असायलाच हवा. रेषेवर ओढलात तर हळद विटकरी दिसते आणि पांढरा सदरा गुलाबी. तोच चेहरा दुसऱ्या शॉटमध्ये कुठे पडतो, तेवढंच पाहा.

खानापूरकडच्या तांबड्या मातीत उन्हात काढलेल्या शॉटमध्ये हनुवटीखाली आणि पांढऱ्या कपड्यांच्या खालच्या बाजूला लालसर झाक येते. ती अख्ख्या चित्रातून काढायला गेलात तर आभाळ निळसर-हिरवं होतं. मऊ कडेची छोटी विंडो (चित्राचा तेवढाच निवडलेला भाग), तिला हालचालीबरोबर नेणारा ट्रॅकर आणि थोडासाच बदल पुरतो.

काही गोष्टी जुळतच नाहीत. राजहंसगडावर ऊन-ढगांचा खेळ चालू असताना घेतलेले दोन शॉट आकड्यांनी जुळतील, पण उन्हातल्या सावलीची कडक कड ढगाळ शॉटमध्ये कुठून आणणार? मध्ये हातांचा किंवा मुंडावळ्यांचा जवळचा शॉट टाका. ऑटो व्हाईट बॅलन्स शॉटच्या मध्येच सरकला असेल तर गेनला कीफ्रेम (वेळेनुसार बदलत जाणारे आकडे) द्याव्या लागतात. शालूचा लाल चॅनल कॅमेऱ्यातच वर आदळून सपाट झाला असेल तर जरीकाठाची वीण परत येत नाही. आणि एलईडी माळांखाली २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं नसेल तर रंग बदलणारे पट्टे येऊ शकतात. असे पट्टे आले तर जुळवायला स्थिर रंगच उरत नाही.

मोफत आवृत्तीची खरी अडचण एकच जाणवते. अंधारलेला दुसरा कॅमेरा एक स्टॉप वर आणला की दाणे दिसतात, आणि ते काढणारं नॉइज रिडक्शन फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. अशा वेळी चांगल्या शॉटलाच अर्धा स्टॉप खाली, म्हणजे लिनिअरमध्ये गेन ०.७१ वर, आणतो आणि दुसरा अर्धाच चढवतो.