डबा फिरवला आणि बास आला: जळगावच्या दुकानाचा अनुभव

स्विफ्टच्या डिकीत १२ इंची सबवूफर, म्हणजे नुसता बास (ढोलासारखा खोल आवाज) वाजवणारा मोठा स्पीकर, त्याच्या डब्यासकट बसवून आठ महिने झाले होते पण मन काही भरत नव्हतं. आवाज वाढवला की नंबर प्लेट खडखडायची, डिकीचा पत्रा वाजायचा, आणि ड्रायव्हर सीटवर मात्र ढोल नुसता टपटप. जिथं बसवला तिथं विचारलं तर म्हणे मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. लग्नसराईत धुळे-भुसावळ येणं-जाणं असतं माझं, त्यात अहिराणी गाण्यातला ढोल छातीत वाजत नसेल तर काय उपयोग सांगा.

शेवटी मित्रानं अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीकडं जाताना लागतं त्या छोट्या दुकानात नेलं. तिथल्या काकांनी डिकी उघडून बघितली अन् म्हणाले, "भाऊ, नवं काईच लेवानी गरज नही, आधी डबा फिराई देखूत." डब्याचं तोंड सीटकडं होतं आणि पोर्ट, म्हणजे हवा फेकायचं भोक, सीटच्या फोमला चिकटून बसलेलं, मग बास येणार कुठून! त्यांनी तोंड आणि पोर्ट दोन्ही डिकीच्या दाराकडं केले, मध्ये वीतभर जागा सोडली आणि ५० हर्ट्झचा नुसता हूंऽऽ आवाज लावून मला पुढं बसवलं. ते डबा चार बोटं सरकवायचे आणि विचारायचे, आता? आता? एका जागी असा काही बास भरला की मला वाटलं नॉब फिरवला, उतरून बघितलं तर नॉब तिथंच.

५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब आणि आपली गाडी ४ मीटरच्या आत, त्यामुळं सबवूफर कुठून वाजतोय ते कानाला कळत नाही, पण थेट आलेली लाट आणि पत्र्यावर आपटून आलेली लाट एकमेकीला साथ देतात की मारतात ते जागेवर ठरतं. मग फेजचं बटण, म्हणजे लाट सरळ की उलटी ते ठरवणारं, ० आणि १८० वर करून पुढच्या दारातल्या स्पीकरशी जुळवलं, लो पास, म्हणजे सबवूफरला फक्त खालचे आवाज जाऊ देणारी चाळण, ८० हर्ट्झला ठेवला आणि गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा जोर, उलट कमीच केला. सेडानला हेच चालेल असं नाही बरं का, तिथं डिकी आणि केबिनच्या मध्ये सीट अन् पत्रा येतो, काका म्हणाले ती गाडी बघूनच सांगेन.

बसायला जागा नाही, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहून जीव नको होतो, आणि माणूस एकच त्यामुळं दोन तास म्हटले तर साडेतीन लागले. पण डबा बेल्टनं पक्का बांधून दिला, हे मला सगळ्यात आवडलं, कारण मागं मुलं बसतात आणि एवढा जड डबा आधी तसाच मोकळा ठेवलेला होता. नंबर प्लेटमागं फोम टेपही लावली. मजुरी ६०० रुपये.

परत येताना पाळधीपर्यंत एकच गाणं तीनदा लावलं. फक्त ती वीतभर जागा मोकळीच ठेवावी लागते, म्हणून गावाकडून येताना भरताच्या वांग्यांची पिशवी आता पुढच्या सीटवर असते.