स्लाइडवाली ई-लर्निंग टूल्स: आठ महिने वापरल्यानंतर

चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांसाठी गेले आठ महिने मी मराठीतून सुरक्षा-प्रशिक्षणाचे कोर्स बनवतेय. टूल जुन्याच पठडीतलं, स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेटसारखं: स्लाइड मांडा, ट्रिगर (क्लिक केल्यावर काय घडावं याची सूचना) लावा, लेअर (स्लाइडवर उघडणारा दुसरा थर) चढवा, पब्लिश करून एलएमएसवर, म्हणजे कोर्स दाखवणाऱ्या आणि प्रगती नोंदवणाऱ्या कंपनीच्या प्रणालीवर, टाका. पुण्यात या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांचा हात अशाच टूल्सवर बसलाय, माझाही. ही टूल्स आता शिकावीत का, असं नवीन मुलं सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला कोर्स मी लॅपटॉपवर बनवला आणि लॅपटॉपवरच तपासला. १२८० बाय ७२० ची स्लाइड, १८ चं अक्षर, सगळं नीटनेटकं. मग पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये एक ऑपरेटर तोच कोर्स फोनवर बघत होता. एका हातात दांडा, दुसऱ्यात उभा धरलेला फोन. अशा वेळी अख्खी स्लाइड ३६० पिक्सेलच्या रुंदीत बसते आणि १८ चं अक्षर जेमतेम ५ चं उरतं. वेब पानासारखा मजकूर नव्याने मांडला जात नाही, चित्रासारखी सगळी स्लाइडच आक्रसते. इंग्रजी त्यातही कसंबसं लागतं. मराठीत आधी अनुस्वार जातो. 'मुख्य स्विच बंद करा' यातलं 'बंद' त्याच्या फोनवर 'बद' दिसत होतं. यंत्राला हात लावण्याआधी वीज तोडून कुलूप घालायचं, हा तो धडा होता. त्यात हाच शब्द वाचता येत नसेल तर माझ्या ॲनिमेशनचा त्या माणसाला काय उपयोग? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं दुखणं उशिरा कळलं. "मॅडम, परत पहिल्यापासून आलं," असे फोन यायला लागले. आमचा एलएमएस स्कॉर्म १.२ वर चालतो; कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी कसे बोलतात ते स्कॉर्म ठरवतं. हे मानक २००१ चं. शिकणारा कुठवर पोचला याची नोंद ठेवायला त्यात फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते. माझा कोर्स ९० स्लाइडचा, जागोजागी व्हेरिएबल, म्हणजे शिकणाऱ्याने काय केलं ते लक्षात ठेवणाऱ्या नोंदी. नोंद मावेना, मग अर्धा कोर्स केलेला माणूस पुन्हा पहिल्या स्लाइडवर. स्कॉर्म २००४ च्या नंतरच्या आवृत्त्यांत ही जागा ६४,००० अक्षरांपर्यंत वाढली आहे. पण चहाच्या सुट्टीत सहा मिनिटं काढणाऱ्याला ९० स्लाइड एकत्र द्यायच्याच कशाला? मी कोर्सचे नऊ तुकडे केले आणि तक्रार थांबली.

असं असूनही मी हे टूल सोडलेलं नाही, याचं कारण कोर्समधला सरावाचा एकच प्रसंग आहे. पडद्यावर पॅनल असतं. कामगाराने स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, स्वतःच्या नावाचा टॅग अडकवायचा आणि शेवटी स्टार्टचं बटण दाबून यंत्र खरंच मेलंय का ते बघायचं. ही शेवटची पायरी गाळली की दुसरा लेअर उघडतो आणि पुढे काय घडू शकतं ते दिसतं. स्टेट (स्विच चालू की बंद, अशी वस्तूची रूपं), ट्रिगर आणि चार व्हेरिएबल, बस्स. कोडची एकही ओळ न लिहिता एका दुपारी झालं. स्क्रोल करत वाचायच्या टूल्समध्ये हे इतकं सहज जमलं नसतं. चाचणीच्या वेळी एक जुना ऑपरेटर म्हणाला, "ताई, आमच्या प्रेसला हवेचा व्हॉल्व्ह वेगळा आहे. वीज गेली तरी दाब राहतो." त्याचं अगदी बरोबर होतं. त्याच संध्याकाळी मी व्हॉल्व्हची पायरी घातली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो प्रसंग चार जणांना स्वतः करून दाखवला.

पूर्वी असे कोर्स फ्लॅशमध्ये पब्लिश व्हायचे; ३१ डिसेंबर २०२० ला ते फ्लॅश बंद झालं तेव्हाही ही टूल्स संपली असं बोललं गेलं. ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या एचटीएमएल ५ मध्ये पब्लिश करून ती टिकली. स्लाइड मात्र आडवीच राहिली, कारण आपली सवय पॉवरपॉइंटची.

त्यामुळे नुसता मजकूर आणि चार प्रश्न द्यायचे असतील तर महागडा परवाना घेऊ नका. वेब पानावर असे धडे बनवायचं एच५पी हे टूल मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, फोनवर वाचायलाही बरं. सराव घडवायचा असेल, चुकल्यावर काय होतं ते हाताने करून बघू द्यायचं असेल, तर स्लाइडवालं टूल आजही घ्या. फक्त स्लाइड उभी करा. फोर्कलिफ्टचा नवा कोर्स मी ७२० बाय १२८० मध्ये मांडलाय, अक्षर ३६ चं. पहिली चाचणी येत्या सोमवारी, त्याच बसमध्ये.