संदर्भ-विश्लेषणासाठी स्वॉट की पेस्टल?

आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या प्रमाणपत्राची तयारी करणाऱ्या एका सहकाऱ्यापुढे पेच आहे: कलम ४.१ मधील, संस्थेवर परिणाम करणारे अंतर्गत आणि बाह्य मुद्दे (म्हणजेच संस्थेचा संदर्भ) स्वॉटने मांडावेत की पेस्टलने? मानकाने कोणत्याही पद्धतीची सक्ती केलेली नाही.

व्याप्ती पाहिली, तर स्वॉटमध्ये बलस्थाने व उणिवांबरोबर संधी आणि धोकेही येतात. पेस्टल मात्र राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर आणि पर्यावरणीय अशा बाहेरच्या घटकांपुरतेच असल्याने अनुभवी कामगारांची निवृत्ती यासारखा अंतर्गत मुद्दा त्यातून सहज निसटतो. उलट, मानकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार हवामानबदल आपल्याला लागू होतो का हे ठरवावेच लागते, आणि त्याला पेस्टलमध्ये आपसूक जागा मिळते.

श्रम स्वॉटला कमी लागतात, पण मोघमपणाचा धोकाही तिथेच अधिक असतो. ‘पुरवठा कमकुवत’ एवढे लिहून काहीच साधत नाही. ‘मुख्य कच्चा माल एकाच पुरवठादाराकडून येतो’ असे लिहिले, तरच तो मुद्दा कलम ६.१ मधील जोखमीशी जोडता येतो, आणि माझ्या मते या विश्लेषणाची खरी कसोटी हीच आहे.

कलम ४.२ मधील ग्राहक, कर्मचारी, नियामक यांच्या अपेक्षांची नोंद मात्र दोन्ही पद्धतींत वेगळीच करावी लागते.

लहान, एकाच ठिकाणच्या उद्योगाला स्वॉट पुरेसे आहे. कायदे वारंवार बदलणाऱ्या क्षेत्रात किंवा निर्यातीत असलेल्यांनी आधी पेस्टल करून त्यातील निष्कर्ष स्वॉटच्या संधी-धोक्यांत उतरवावेत.