फुकट आणि फटकळ: डब्ल्यू३सीचा एचटीएमएल तपासनीस

भाचीने डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या आळीतल्या खानावळीची वेबसाइट केली. "मामा, लॅपटॉपवर झकास दिसतेय!" दिसत होतीच. तरी तिला म्हटलं, आधी डब्ल्यू३सीच्या (वेबची मानकं ठरवणारी संस्था) 'नू एचटीएमएल चेकर'ला दाखव. वेबपानं ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्यातल्या चुका तो शोधतो.

खातं उघडायला नको, पैसे नकोत. साइटचा पत्ता द्या, फाइल अपलोड करा नाहीतर कोड थेट पेस्ट करा. साइट अजून आपल्याच लॅपटॉपवर असली तरी काही अडत नाही.

चुकांची ही लांबलचक यादी आली. घाबरायचं नाही. एक डिव्ह (मजकुराचा कप्पा करणारा टॅग, म्हणजे कोडमधली खूण) बंद करायचा राहिला की त्याच्यापायी खालच्या धडधाकट ओळीही दोषी ठरतात. सगळ्यात वरची चूक दुरुस्त करून पुन्हा तपासलं की बरीच यादी आपोआप गळते. बाकी तक्रारी रास्त होत्या: सेंटर टॅग कालबाह्य, थाळीच्या फोटोला ऑल्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) नाही, सेक्शनला मथळा नाही. प्रत्येकीपुढे ओळीचा क्रमांक. 'आउटलाइन'च्या चौकटीत खूण केली की पानाच्या मथळ्यांचा सांगाडा दिसतो. अक्षरं लहान हवीत म्हणून पोरीने एच१ (पहिल्या पातळीचा मथळा) नंतर थेट एच४ (चौथ्या पातळीचा) घातला होता, ते तिथे उघडं पडलं. आकार सीएसएसने (पानाचं रूप ठरवणारी भाषा) ठरवायचा, हे तिला माझ्यापेक्षा त्या सांगाड्याने लवकर पटवलं.

एचटीएमएल टॅगला भाषा दिली नाही तरी तो टोकतो. मराठी साइटवाल्यांनी ही सूचना अजिबात टाळू नये. टॅगच्या लँगमध्ये 'एमआर' (mr, मराठीचा कोड) लिहिलं की स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी आवाज निवडता येतो. शिवाय काही देवनागरी फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे न उमटता आपल्या वळणाचे उमटतात.

आता उणं. याला व्याकरण कळतं, अर्थ नाही. अख्खं पान डिव्हमध्ये कोंबलं तरी हा खूश. नॅव्ह (मेन्यू), मेन (मुख्य मजकूर), फूटर (पानाचा तळ) कुठे हवेत ते आपणच ठरवायचं. ऑल्टमध्ये नुसतं 'फोटो' लिहिलं तरी पास.

आणि मोबाइलच्या बाबतीत तर याचा उपयोग जवळपास नाहीच. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत मांडायला सांगणारा) विसरलात तरी हा गप्प. हां, त्यात झूम बंद केलंत तर मात्र बोलतो. पानाची रुंदी तपासायला फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा आणि 320 पिक्सेलवर या. 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 मध्येही (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनचे निकष) हाच आकडा आहे: इतक्या रुंदीत मजकूर वाचायला आडवं सरकवावं लागू नये. आमची थाळ्यांची पेटी 900 पिक्सेलांची, त्यामुळे दर पडद्याबाहेर! सीएसएसमध्ये विड्थच्या (ठरलेली रुंदी) जागी मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी), फोटोंना कमाल शंभर टक्के, थाळ्यांना ग्रिडमध्ये ऑटो-फिट (मावतील तेवढेच रकाने) दिलं आणि एकही मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार वेगळे नियम) न लिहिता पान फोनवर बसलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो संदेश फक्त इंग्रजीत, आणि तेही वकिली इंग्रजीत, येतात म्हणून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या शेजारी पहिल्या दिवशी कुणीतरी बसायला हवं.