किडनीच्या रुग्णाची हालचाल: प्रश्नावली की कमरेचं यंत्र?

ओपीडीत नुसता अंदाज हवा असेल तर आयपॅक ही रुग्णाला त्याच्या हालचालीबद्दल विचारणारी ठरावीक प्रश्नावली पुरते. व्यायामानं फरक पडला का हे बघायचं असेल, तर कमरेचा ॲक्सिलरोमीटरच, म्हणजे हालचाल मोजणारं यंत्र, लावा.

प्रश्नावलीला खर्च नाही. पण ती मागच्या 7 दिवसांतली, सलग किमान 10 मिनिटं केलेलीच हालचाल धरते. "रोज रंकाळ्याला फेरी असते" म्हणणारे काका त्यातला कट्ट्यावरचा वेळ वजा करत नाहीत. उलट वहिनी "मी कुठला व्यायाम करतोय?" म्हणून मोकळ्या होतात. म्हणून शेण काढणं, वैरण आणणं, धार काढणं असं नाव घेऊन विचारा.

यंत्रापुढं बढाई चालत नाही. मात्र बसून काढलेली धार, सायकल आणि डोक्यावरच्या भाऱ्याचं ओझं त्याला नीट कळत नाही. पावलं मोजणारं साधं पेडोमीटर तर पाय ओढत चालणाऱ्याची पावलंही गाळतं. यंत्र 7 दिवस लावा. त्यातले निदान 4 दिवस रोज 10 तास अंगावर हवं. डायलिसिसचे वार आणि मधले वार दोन्ही त्यात यायला हवेत, कारण डायलिसिसच्या दिवशी चारेक तास खाटेवरच जातात. मनगटी यंत्र असेल तर फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हातावर अजिबात नको. पोटाचं डायलिसिस असेल तर पट्टा नळीच्या तोंडाशी घासता कामा नये. यंत्रात वजन डायलिसिसनंतरचं भरा, नाहीतर अंगातल्या पाण्यानं कॅलरीचा आकडा फुगतो.

अंघोळीला काढलेलं यंत्र खुंटीवरच राहतं, हा नेहमीचा घोळ. काढल्या-घातल्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहायला सांगा.